ओसा: प्रोजेक्टरच्या कारखान्यातली मोटरसायकल

या गाडीचा जुना फोटो पाहिला की नजर आधी फ्रेम शोधू लागते. मोटरसायकल म्हटल्यावर टाकीखालून जाणारे, इंजिनाला कवेत घेणारे लोखंडी नळे दिसायला हवेत. इथे तसलं काहीच नाही. हँडलच्या मानेपासून सीटच्या मागपर्यंत पत्र्याची एकच गुळगुळीत पेटी आहे आणि तिच्या पोटाला खाली एकुलतं एक सिलिंडर लटकलेलं आहे. बार्सिलोनातल्या ओसा या छोट्या कारखान्याची ही २५० सीसीची शर्यतीची गाडी. १९६९ साली ती जागतिक अजिंक्यपदाच्या इतक्या जवळ पोचली होती की शेवटी फरक राहिला फक्त ६ गुणांचा. तिच्या पुढे राहिलेली बेनेली चार सिलिंडरची होती आणि यामाहा दोन सिलिंडरची.

ओसा आज फारशी कुणाला आठवत नाही. आठवते तेव्हा तिची गोष्ट एका वाक्यात आटोपली जाते: त्यांचा रेसर अपघातात गेला आणि कंपनी संपली. हे खरं नाही. रेसर गेला १९७० मध्ये, कंपनी बंद पडली १९८२ मध्ये. मधल्या १२ वर्षांत तिने आपल्या सर्वांत चांगल्या गाड्या विकल्या. म्हणून ही गोष्ट जरा नीट सांगायला हवी.

ओसा हे नाव चार शब्दांच्या आद्याक्षरांचं: ओर्फेओ सिंक्रोनिक सोसिएदाद आनोनिमा. शेवटचे दोन शब्द म्हणजे आपल्या 'लिमिटेड'सारखे. पहिले दोन शब्द वाचून कुणालाही मोटरसायकल आठवणार नाही, कारण या लोकांचा धंदाच वेगळा होता. मान्युएल जिरो या बार्सिलोनाच्या उद्योजकाने १९२४ मध्ये सुरू केलेला हा व्यवसाय सिनेमाच्या प्रोजेक्टरचा होता. 'सिंक्रोनिक' म्हणजे चित्र आणि आवाज यांचा मेळ.

प्रोजेक्टरच्या आत काय चालतं ते पाहू, पुढे उपयोगी पडेल. पडद्यावर चित्र सलग हलताना दिसतं, पण आतली फिल्म सलग सरकत नसते. ती सेकंदाला २४ वेळा थांबते आणि २४ वेळा पुढे जाते. हे थांबणं-सरकणं एक खाचांचं चाक घडवून आणतं. फिल्म सरकत असताना पडद्यावर उजेड गेला तर चित्र फरफटल्यासारखं दिसेल, म्हणून दिव्यासमोर एक चकती फिरत असते. तिचा काही भाग कापून टाकलेला असतो. कापलेला भाग समोर आला की उजेड जातो, भरीव भाग आला की अडतो. फिल्मची चाल आणि ही चकती यांचा ताल केसभर जरी चुकला तरी प्रेक्षकांना ते दिसतं. असली यंत्रं वर्षानुवर्षं बनवणाऱ्या कारागिरांचा हात किती बारीक झाला असेल, याचा अंदाज यावरून येईल.

मग हे लोक मोटरसायकलकडे वळले कसे? जिरो स्वतः वेगाचे शौकीन होते हे एक कारण. पण मोठं कारण स्पेनची परिस्थिती. १९३६ ते १९३९ या काळात यादवी युद्धाने देश मोडून पडला. त्यानंतर हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीने दारं लावून घेतली. बाहेरचा माल आणायचा नाही, सगळं देशात बनवायचं असं धोरण आलं. लोकांना कामावर जायला स्वस्त वाहन हवं होतं, परदेशी गाडी मिळत नव्हती, मिळाली तरी परवडत नव्हती. ज्याच्याकडे लेथ मशीन आणि चार हुशार माणसं होती त्याने मोटरसायकल बनवावी असा तो काळ होता. ४० आणि ५० च्या दशकांत स्पेनमध्ये ढिगाने छोटे ब्रँड निघाले, विशेषतः बार्सिलोना आणि आसपास. मोन्तेसा १९४५ ची, बुल्ताको १९५८ ची, दोन्ही तिथल्याच. ओसाची १२५ सीसीची साधी टू-स्ट्रोक गाडी १९४९ च्या सुमारास बाजारात आली. तिच्यावरचं चार पानांच्या क्लोव्हरचं चिन्ह पुढे ओसाची ओळख बनलं.

ही बंद दारं म्हणजे कारखानदारांसाठी ऊब होती. ज्यांना स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागल्याचं आठवतं, त्यांना ही व्यवस्था वेगळी समजावून सांगायला नको. स्पर्धा नाही, त्यामुळे जे बनेल ते खपतं. पण १९५७ मध्ये सेआतची ६०० ही छोटी मोटार आली आणि स्पेनच्या मध्यमवर्गाने दुचाकी सोडायला सुरुवात केली. बायको-मुलांना घेऊन पावसात न भिजता जाता येतं म्हटल्यावर कोण थांबेल? कामावर नेणाऱ्या साध्या मोटरसायकलींचा खप आटत गेला आणि अनेक ब्रँड मिटले. टिकले ते, ज्यांनी ओळखलं की इथून पुढे मोटरसायकल गरजेपोटी कुणी घेणार नाही, हौसेपोटी घेईल.

ओसात हे ओळखणारा माणूस घरातच होता. मान्युएल यांचा मुलगा एदुआर्दो जिरो. हा तरुण इंजिनिअर टू-स्ट्रोक इंजिनांच्या मागे अक्षरशः वेडा झालेला. त्याच्या हातून आधी १७५ सीसीची आणि मग २३० सीसीची चपळ गाडी आली. बार्सिलोनाच्या मोन्जुइक टेकडीवरच्या बागेतल्या रस्त्यांवर तेव्हा २४ तासांची शर्यत व्हायची. १९६७ साली ती शर्यत ओसाच्या २३० ने जिंकली. चालवणारे कार्लोस जिरो आणि लुईस इग्लेसियास. आपल्याच गावात, रात्रभर जागून बघणाऱ्या लोकांसमोर मिळवलेला हा विजय. त्याच सुमारास एदुआर्दोने जागतिक स्पर्धेसाठी २५० सीसीचं यंत्र बनवायला घेतलं.

त्या काळात २५० सीसीच्या वर्गात काय चाललं होतं? होंडाने तेवढ्याशा इंजिनात ६ सिलिंडर बसवले होते, यामाहाने ४. एवढा खटाटोप कशासाठी, तर फेरे वाढवण्यासाठी. पिस्टन वर जातो, थांबतो, उलटा फिरतो, खाली येतो, पुन्हा थांबतो. जड पिस्टनला असं दर वेळी थांबवून उलटवायचं म्हणजे ताण. तेच २५० सीसी ६ ठिकाणी वाटले तर एकेका पिस्टनच्या वाट्याला ४२ सीसीही येत नाहीत. पिस्टन पेल्याएवढे चिमुकले होतात आणि मिनिटाला कितीतरी जास्त फेरे घेऊ शकतात. जास्त फेरे म्हणजे जास्त स्फोट, जास्त स्फोट म्हणजे जास्त ताकद. हिशोब बरोबरच आहे, फक्त त्यासाठी होंडा-यामाहाएवढी तिजोरी लागते.

एदुआर्दोकडे ती नव्हती. त्याने एकच सिलिंडर ठेवलं आणि त्याला श्वास कसा नीट घेता येईल याकडे लक्ष दिलं. इथेच ती कापलेली चकती परत येते.

साध्या टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आधी पिस्टनच्या खालच्या खोलीत शिरतं. त्या खोलीचं दार पिस्टनच उघडतो आणि लावतो. पिस्टन वर गेला की त्याच्या कडेखालचं भोक उघडं पडतं, खाली आला की झाकलं जातं. रचना सोपी, सुटे भाग कमी. पण यात एक अडचण आहे. पिस्टन ज्या वाटेने वर गेला त्याच वाटेने खाली येणार, म्हणून दार माथ्याच्या जितकं आधी उघडतं तितकंच नंतर बंद होतं. लवकर उघडायला जावं तर बंद व्हायलाही उशीर होतो, आणि त्या उशिरात आत आलेलं मिश्रण उलटं कार्बोरेटरकडे फेकलं जातं. एदुआर्दोने दार पिस्टनकडून काढून घेतलं आणि इंजिनाच्या बाजूला, पिस्टन ज्याला फिरवतो त्या क्रँकच्या दांड्याबरोबर फिरणाऱ्या एका पातळ चकतीकडे दिलं. चकतीचा हवा तेवढा भाग हव्या त्या ठिकाणी कापायचा. मग दार लवकर उघडून खोली पोटभर भरून घ्यायची आणि मिश्रण उलटं फिरायच्या आत धाडकन बंद करायचं. ही युक्ती ओसाने शोधलेली नाही, पूर्व जर्मनीच्या एमझेड कारखान्याने ती आधीच फार पुढे नेली होती. पण सिनेमाच्या दिव्यासमोर कापलेल्या चकत्या फिरवत आलेल्या कारखान्यात तीच कल्पना इंजिनात बसलेली पाहिली की मला फार आनंद होतो. त्या एका सिलिंडरने सुमारे ४२ अश्वशक्ती दिली. यामाहाच्या चार सिलिंडरच्या गाडीपेक्षा हे जवळपास २० ने कमीच.

ही तूट भरून काढायची होती वजनातून. आणि वजन कमी करायचं तर फ्रेमलाच हात घालायला हवा.

काडेपेटी घ्या. आतला उघडा ट्रे बाहेर काढून दोन्ही टोकांना धरून पिळा, सहज पिळवटतो. तोच ट्रे बाहेरच्या खोक्यात सरकवा आणि आता पिळून बघा. कागद तोच, पण आता जोर लागतो. चारी बाजूंनी बंद असलेला पोकळ आकार पीळ सहन करतो, हे यातलं मर्म. वळणावर झुकलेल्या मोटरसायकलला नेमका असाच पीळ बसतो. पुढचं चाक एकीकडे ओढतं, मागचं दुसरीकडे ढकलतं, आणि मधली फ्रेम किंचित वळली तरी गाडी डुलायला लागते. नळ्यांच्या फ्रेमला ताठ करायचं तर आणखी नळे जोडावे लागतात आणि वजन वाढतं. पत्र्याच्या बंद पेटीला ताठपणा तिच्या आकारातूनच मिळतो. या बांधणीला मोनोकॉक म्हणतात. आपल्याकडे ही काही परकी गोष्ट नाही. आकुर्डीत बनणाऱ्या चेतकच्या आत वेगळी फ्रेम नव्हती, तिचं पत्र्याचं अंग हाच तिचा सांगाडा. म्हणून तर चेतकला मागून पोचा आला की डेंटिंगवाला आधी खालून वाकून बघायचा, अंग सरळ आहे ना ते.

चेतकचा पत्रा पोलादाचा. एदुआर्दोने मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा पत्रा घेतला. पोलाद पाण्याच्या ७.८ पट जड, ॲल्युमिनियम २.७ पट आणि मॅग्नेशियम अवघं १.७ पट. धातू मोठा हट्टी आहे, जोडायला कठीण, गंजायला सोपा, बारीक कीस पेटला तर विझता विझत नाही. पण प्रोजेक्टर बनवणाऱ्यांना हलक्या धातूंचं काम अंगवळणी होतं. शिवाय पेटी पोकळच असल्याने पेट्रोल थेट तिच्या पोटात भरलं. फ्रेम हीच टाकी. वेगळ्या टाकीचं वजनही वाचलं. सगळं मिळून ही गाडी यामाहाच्या त्या चार सिलिंडरच्या गाडीपेक्षा साधारण २० किलोने हलकी भरली.

२० किलो म्हणजे काय हे सांगायला तांदळाचं पोतं पुरे. दुचाकीवर तेवढं पोतं बांधून घाट चढून पाहिलेल्या माणसाला कळेल की फरक चढावर तर पडतोच, पण उतारावर ब्रेक दाबताना जास्त पडतो, आणि वळणात गाडी पाडताना त्याहून जास्त. ओसा सरळ रस्त्यावर मागे पडायची. वळण जवळ आलं की ती उशिरा ब्रेक लावून आत शिरायची आणि पुढे निघायची.

हे करून दाखवायला तसाच माणूस लागतो. तो होता सान्तियागो एरेरो, १९४३ मध्ये माद्रिदला जन्मलेला. आधी तो लुबे या दुसऱ्या छोट्या स्पॅनिश ब्रँडवर शर्यती करायचा. लुबे बुडाली आणि तो ओसात आला. नुसता चालवणारा नव्हता, इंजिन उघडून त्यात काय हवंय ते सांगणारा होता. १९६८ मध्ये तो जागतिक क्रमवारीत सातवा आला आणि वर्षाच्या शेवटच्या शर्यतीत, इटलीत मोन्झाला, तिसरा.

१९६९ साली रस्ता मोकळा झाला. होंडा आणि यामाहाचे अधिकृत संघ आपल्या सहा-चार सिलिंडरच्या गाड्यांसह तोवर निघून गेले होते. एरेरोने हारामाला स्पेनची, ले माँला फ्रान्सची आणि स्पाला बेल्जियमची शर्यत जिंकली. स्पाचा विजय मला सर्वांत थोर वाटतो. जुना स्पा हा युरोपातला सर्वांत वेगवान रस्ता, लांबच लांब सरळ पट्टे, म्हणजे जिथे ओसाने हरायला हवं अशी जागा. तिथे एका सिलिंडरची गाडी जिंकली. एरेरो गुणतक्त्यात सर्वांच्या पुढे होता. मग उत्तर आयर्लंडमध्ये अल्स्टरला पावसात तो पडला आणि डावा हात मोडला. हात पुरता बरा नसताना तो इमोलाला उतरला, पुढे युगोस्लाव्हियात ओपातियाच्या शेवटच्या शर्यतीला आला. तिथपर्यंत एरेरो आणि बेनेली, यामाहावरचे दोघे, अशा तिघांनाही अजिंक्यपदाची संधी होती. एरेरो पुन्हा पडला. बेनेलीवरचा केल कॅरुथर्स ८९ गुणांसह विजेता, यामाहावरचा केंट अँडरसन ८४, एरेरो ८३.

पुढच्या वर्षीपासून २५० सीसीच्या वर्गात दोनपेक्षा जास्त सिलिंडर चालणार नाहीत असा नियम आला. चार सिलिंडरच्या बेनेलीची वाट बंद झाली. एका सिलिंडरच्या ओसाला याहून चांगली संधी मिळणार नव्हती. १९७० मध्ये एरेरोने ओपातियाचीच शर्यत जिंकली, जिथे आदल्या वर्षी सगळं हातचं गेलं होतं. त्यानंतरची शर्यत आइल ऑफ मॅनची. हे बेट म्हणजे बंदिस्त ट्रॅक नाही, साठ किलोमीटरचा गावरस्ता आहे, कडेला दगडी भिंती, कुंपणं, घरं. तिथे तो पडला आणि दोन दिवसांनी रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. वय २७. ओसाने रस्त्यावरच्या जागतिक शर्यतींमधून कायमची माघार घेतली. मॅग्नेशियमच्या त्या पेट्या बाजूला ठेवल्या गेल्या.

नेहमीची गोष्ट इथे थांबते. पण कारखान्यात त्याच काळात दुसरी, अगदी उलट स्वभावाची गाडी आकार घेत होती.

ट्रायल हा खेळ आपल्याकडे फारसा दिसत नाही. यात वेगाला काही किंमत नाही. ओढ्यातले दगड, चिखल, उभे कातळ यांतून मोटरसायकल न्यायची आणि पाय जमिनीला लावायचा नाही. पाय टेकला की दंडाचा गुण, गाडी थांबली किंवा पडली तर ५ गुण. कमी गुणांचा तो जिंकला. यासाठी इंजिन अगदी हळू फिरत असतानाही न अडखळता ओढणारं लागतं आणि गाडी हलकी लागते. हलकं कसं बनवायचं हे ओसाला ठाऊक होतंच. त्यांनी मिक अँड्र्यूज या इंग्रज खेळाडूला हाताशी धरलं. स्कॉटलंडच्या डोंगरांत सहा दिवस चालणारी जुनी, मानाची ट्रायल त्याने ओसावर सलग तीनदा जिंकली, १९७०, १९७१ आणि १९७२ मध्ये. १९७१ आणि १९७२ चं युरोपीय अजिंक्यपदही त्याचंच. तेव्हा या खेळात युरोपच्या वर जागतिक स्पर्धा नव्हती. एरेरोला जे मिळता मिळता राहिलं ते कारखान्याला इथे, चिखलात मिळालं. त्याच्या नावाची गाडी, मिक अँड्र्यूज रेप्लिका, बाजारात आली. लोक तिला तिच्या आद्याक्षरांवरून 'मार' म्हणतात.

अमेरिकेत तर ओसाची मागणी जोरात होती. तिथे वाळवंटांत आणि जंगलांत मोटरसायकल हाकायची लाट आली होती, आणि हलक्या स्पॅनिश टू-स्ट्रोक गाड्यांना तिथले लोक हौसेने पैसे मोजत होते. न्यूयॉर्क राज्यातल्या आयातदाराने तर ओसाची दोन सिलिंडर एकत्र जोडून यँकी नावाची ५०० सीसीची गाडी काढली.

ही भरभराट दोन खांबांवर उभी होती. एक, घरची बंद बाजारपेठ. दोन, अमेरिका. ७० च्या दशकात दोन्ही हलले.

डॉलरची किंमत १९७१ आणि १९७३ मध्ये उतरवली गेली, त्यामुळे अमेरिकन माणसाला स्पॅनिश गाडी महाग पडू लागली. त्याच सुमारास यामाहा, होंडा, सुझुकी या कंपन्या जंगलात चालणाऱ्या गाड्या बनवू लागल्या. मिक अँड्र्यूजलाही यामाहाने आपल्याकडे नेलं. जपानी गाडी स्वस्त, किक मारली की सुरू होणारी, सुटे भाग कोपऱ्यावरच्या दुकानात. ओसाला हे गाठणं अशक्य होतं. शे-दोनशेच्या घाण्यात बनणाऱ्या गाडीचा आणि लाखांच्या घाण्यात बनणाऱ्या गाडीचा खर्च सारखा येऊच शकत नाही.

आणि घरी? १९७५ मध्ये फ्रँको वारला. चाळीस वर्षं दाबून ठेवलेल्या मागण्या एकदम वर आल्या. १९७७ मध्ये कामगार संघटना कायदेशीर झाल्या, त्याच वर्षी महागाई २४ टक्क्यांच्या वर गेली. पगार पुरत नव्हते, संप झाले, ओसातही झाला. कामगारांना दोष देणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. महिन्याच्या पगाराची किंमत वर्षभरात पाचव्या हिश्श्याने आटत असेल तर माणूस मागणी करणारच. फक्त ती मागणी पुरी करायला कारखान्याकडे शिल्लक नव्हती. १९७९ मध्ये ओसा आणि बुल्ताको यांना एकत्र बांधून वाचवायचा प्रयत्न झाला. दोन बुडणारे एकमेकांना धरून तरत नाहीत. १९८२ मध्ये ओसाचं दार बंद झालं. शेजारची मोन्तेसा टिकली, कारण तिने होंडाचा हात धरला.

नंतर २०१० च्या सुमारास हे नाव पुन्हा उठलं. नव्या लोकांनी त्याच नावाने ट्रायलची गाडी आणली, टीआर २८० आय. तिचं सिलिंडर चक्क उलटं बसवलेलं होतं: हवा पुढून आत, धूर मागून बाहेर. कार्बोरेटरऐवजी बॅटरीशिवाय चालणारं फ्युएल इंजेक्शन. एदुआर्दोसारख्याने खाली बसून निरखावी अशी गाडी. पण २०१४ मध्ये ती कंपनी जिरोना प्रांतातल्या गॅसगॅस या मोटरसायकल कंपनीत विलीन झाली, पुढच्याच वर्षी गॅसगॅसचं दिवाळं निघालं, आणि ज्यांनी ती विकत घेतली त्यांनी ओसाच्या गाड्या पुढे चालवल्या नाहीत. यावेळचं आयुष्य पाच वर्षांचं.

माद्रिदच्या उत्तरेला डोंगरात रोब्रेगोर्दो नावाचं छोटं गाव आहे. तिथे जुन्या मोटरसायकलींची ट्रायल भरते आणि मागे दोन शॉक असलेल्या सत्तरीच्या दशकातल्या गाड्या दगडांवर चढवल्या जातात. त्यांत मोन्तेसा असतात, बुल्ताको असतात, आणि चार पानांच्या क्लोव्हरवाली मारही असते, पेट्रोलमध्ये तेल मिसळून भरलेली, निळा धूर सोडत, माणसाच्या चालीने कातळ चढणारी.